तक्रारीलाही जागा देणारी उपासना

उत्तम शुक्रवार म्हणजे येशूच्या क्रुसावरील मरणाच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. वेदीवरची वस्त्रे आदल्या रात्रीच उतरवलेली असतात आणि घंटाही वाजत नाही. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना चालते, येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर एकेक करून मनन होते. चौथा उद्गार वाचताना भल्याभल्या पाळकांचा आवाज कापरा होतो. देवाने मला का टाकले, असा तो टाहो आहे. येशूचे ते शब्द नवे नव्हते. यहुदी लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आलेल्या बाविसाव्या स्तोत्राची ती सुरुवात आहे. मरणाच्या घटकेला उपासनेतलेच शब्द त्याच्या ओठी आले.

ख्रिस्ती उपासनेचे मोठे मोल आम्हाला इथे दिसते. प्रार्थना कोरडी पडली, देव ऐकतो की नाही अशी शंका आली, की माणूस आधी चारचौघांत जाणे टाळतो. आपण ढोंगी ठरू, असे त्याला वाटते. पण स्तोत्रसंहिता उघडली तर कितीतरी माणसे रडतच देवापुढे आलेली दिसतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, सांत्वनाचा शब्द येत नाही. तरी ते कुणी गाळले नाही. मंडळीने ते मोठ्याने वाचले, की आपल्याला वाटले ते पाप नव्हे हे त्या एकट्या माणसाला उमगते. त्याला गाता येत नसेल तर शेजारचा गातो, आणि तेवढ्यावर तो आठवडा निभावतो.

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या मराठी घरांना हे परके वाटू नये. विठ्ठलाशी भांडणारे तुकोबा आपण घरीच ऐकले. ख्रिस्ती माणूसही ग्वाल्हेरला नवा नाही. जयविलास राजवाडा उभारणारे मायकेल फिलोज शिंद्यांच्या चाकरीतल्या ख्रिस्ती घराण्यातलेच. या दोन धाग्यांची गाठ मारली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. शाळेत आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून शिकलो. पण १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी जे केले, ते त्याहून मोलाचे. परदेशी चालींवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिले, कीर्तन दिले. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. दुःखी माणूस परक्या चालीत फार वेळ रडू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ‘उपासनासंगीत’ या पुस्तकातून त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

त्यांच्या घरातला झगडा मात्र गाण्याने सुटण्यासारखा नव्हता. पतीने धर्म बदलला आणि लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू. काही वर्षे त्या दुरावल्या. नगरला पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले; ते हळूहळू गळाले, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हे सारे इतक्या सरळपणे आले आहे, की आपल्या शंकांची लाज वाटणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

अशी वाट पाहणे पंडिता रमाबाईंनाही चुकले नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. आपल्याला धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षे लागली, अशी कबुली त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्षे लागतात, तर आपल्या मंडळीतल्या तरुणाला आठ आठवड्यांत उत्तर हवे असा हट्ट कशाला?

हे लिहिताना एक काळजी वाटते. झोप उडालेल्या, जगणे नकोसे झालेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारे लोक चर्चमध्येही भेटतात. हे क्रूर आहे. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यासाठी मंडळीतल्या कुणीतरी सोबत जावे, औषधे वेळेवर घेतो ना हे बघावे, आणि उपासनेला तो आला नाही तर दुपारी त्याच्या घरी जाऊन बसावे.