दुसऱ्या रांगेतला माणूस

पोस्टरवर ज्याचा चेहरा मोठा, तोच सिनेमाचा धनी, असे आपण समजतो. तिकीट काढताना त्याचेच नाव घेतो आणि बाहेर पडताना त्याच्याच मारामारीच्या गोष्टी करतो. पण रहस्यपट उभा राहतो तो नायकाच्या आजूबाजूच्या माणसांवर. फौजदार खरा वाटला नाही, खलनायकाची भीती वाटली नाही, तर नायकाने कितीही उड्या मारल्या तरी प्रेक्षक जांभया देतो. या आजूबाजूच्या माणसाचे नाव मात्र कुणाला ठाऊक नसते. ‘तो बघ, तो इन्स्पेक्टर होणारा’ एवढीच त्याची ओळख. आज आम्ही अशाच एका नटाची ओळख वाचकांना करून देणार आहोत. ते अमेरिकेतले कृष्णवर्णीय अभिनेते होते आणि त्यांचे नाव याफेट कोटो.

कोटो यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९३९ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील आफ्रिकेतल्या कॅमेरूनहून आलेले, आई परिचारिका. आईवडील वेगळे झाले आणि मुलगा आजी-आजोबांच्या हाताखाली वाढला. घरात ज्यू धर्म पाळला जाई, तर शेजारपाजार कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांचा. डोक्यावर ज्यूंची छोटी टोपी घालून प्रार्थनेला निघालेल्या या पोराला दर शुक्रवारी गल्लीत हाणामारी करावी लागे, असे त्यांनी पुढे सांगितले. गोऱ्यांच्या लेखी तो काळा आणि काळ्यांच्या लेखी परका. अशा पोराने एकदा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ हा १९५४ सालचा चित्रपट पाहिला. गोदी कामगारांची ती कहाणी आणि त्यातला मार्लन ब्रँडोचा अभिनय पाहून आपणही हेच काम करायचे, असे त्याच्या मनाने घेतले. सोळाव्या वर्षी तो नाट्यशिक्षण घेऊ लागला आणि एकोणिसाव्या वर्षी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये रंगमंचावर उभा राहिला.

१९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच साली ‘नथिंग बट अ मॅन’ हा चित्रपट आला. रेल्वेच्या रुळांवर राबणाऱ्या काळ्या गँगमनची ही गोष्ट. त्या टोळीतल्या एका कामगाराचे छोटे काम कोटो यांना मिळाले. नायक दुसराच होता. पुढची सारी कारकीर्द बहुतेक अशीच गेली. नायक दुसरा आणि कोटो त्याच्या शेजारी, नाहीतर त्याच्या समोर.

१९७२ च्या ‘अक्रॉस ११०थ स्ट्रीट’मध्ये ते पोलीस अधिकारी झाले. एकशे दहावा रस्ता ही न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीची वेस. कथेत एका खून-दरोड्याचा तपास शिकलेल्या, शांत डोक्याच्या काळ्या लेफ्टनंटकडे सोपवला जातो आणि वर्षानुवर्षे लाच खाल्लेल्या, मारझोडीने कबुलीजबाब घेणाऱ्या गोऱ्या कॅप्टनला त्याच्या हाताखाली काम करावे लागते. कॅप्टन झालेला अँथनी क्विन त्या काळचा मोठा नट. तो ओरडतो, हात उगारतो. कोटो आवाज चढवत नाहीत, नुसते बघतात. कायद्याने मिळालेली खुर्ची आणि ती सोडायला न धजणारा जुना मालक यांच्यातली झटापट त्या बघण्यात दिसते.

पुढच्याच वर्षी, १९७३ साली, जेम्स बाँडच्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये ते मुख्य खलनायक झाले. बाँडपटात मुख्य खलनायकाचे काम काळ्या नटाला मिळण्याची ही पहिलीच वेळ. साऱ्या जगाने त्यांचा चेहरा पाहिला. पण त्या खलनायकाचा शेवट कसा? बाँड त्याच्या तोंडात हवेची गोळी कोंबतो आणि तो फुग्यासारखा फुगून फुटतो. लोक हसले. चित्रपटभर धाक बसवणाऱ्या माणसाला शेवटी विनोद करून टाकले होते. दुसऱ्या रांगेतल्या माणसाने कसे मरायचे हेही त्याच्या हातात नसते, हे इथे कळते.

आमच्या मते कोटो यांचे मोठेपण याच्या पुढे आहे. १९७८ सालचा ‘ब्लू कॉलर’ आमच्या वाचकांनी मिळाला तर जरूर पाहावा. मोटारीच्या कारखान्यातले तीन कामगार, दोन काळे आणि एक गोरा. पगार पुरत नाही, कर्ज फिटत नाही आणि युनियनचे पुढारी साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसलेले. तिघे मिळून युनियनचीच तिजोरी फोडतात. पैसे हाती लागतात थोडेच, पण पुढाऱ्यांच्या बेकायदा व्यवहारांची वही सापडते. कोटो यांनी केलेला स्मोकी हा त्या तिघांतला सर्वांत समजदार. कारखान्यातल्या रंगाच्या खोलीत त्याला कोंडले जाते, फवारे सुरू होतात आणि तो गुदमरून मरतो. कागदावर तो अपघात. उरलेल्या दोघांपैकी एक युनियनचा माणूस होतो, दुसरा सरकारी तपासनीसांकडे जातो आणि शेवटी दोघे जिवलग मित्र, एक काळा आणि एक गोरा, एकमेकांवर धावून जातात. तेव्हा मेलेल्या स्मोकीचा आवाज ऐकू येतो. कामगारांना आपसात झुंजवत ठेवायचे म्हणजे प्रत्येक जण आपल्या जागी गप्प राहतो, हा त्याच्या सांगण्याचा अर्थ. पोस्टरवर मोठे नाव रिचर्ड प्रायरचे होते. पण प्रेक्षक घरी नेतो तो स्मोकीचा आवाज.

लगेच १९७९ साली ‘एलियन’ आला. अवकाशयानातली सात माणसे आणि त्यांना एकेक करून मारणारा जीव, अशी भीतीची गोष्ट. कोटो त्यात यानाचे इंजिन सांभाळणारा पार्कर झाले. जेवणाच्या टेबलावर पार्कर पहिला विषय काढतो तो बोनसचा. वरच्यांना पूर्ण वाटा आणि तळाशी इंजिनात हात काळे करणाऱ्या आम्हा दोघांना कमी का, हा त्याचा प्रश्न. ताऱ्यांपर्यंत पोचले तरी कामगाराचे भांडण तेच! हाच पार्कर अखेरीस एका सहकारी स्त्रीला वाचवायला जातो आणि जीव गमावतो.

‘एलियन’ गाजल्यावर ‘स्टार वॉर्स’च्या पुढच्या भागातली एक चांगली भूमिका त्यांच्यासमोर आली. ती त्यांनी नाकारली. पुन्हा अवकाशपट केला तर कायमचा शिक्का बसेल, अशी त्यांना धास्ती होती. दुय्यम नटाला अशी निवड फार महाग पडते. नायकाचा एक चित्रपट गेला तर दुसरा उभा असतो. याला मात्र पुढचे काम कधी येईल याची शाश्वती नसते. तरी त्यांना कामे मिळत राहिली. १९८८ च्या ‘मिडनाइट रन’मध्ये ते एफबीआयचे अधिकारी मोझ्ली झाले. नायक रॉबर्ट डी नीरो त्यांचे ओळखपत्र चोरतो आणि गावभर ‘मीच मोझ्ली’ म्हणून मिरवतो. कोटो संतापाने नुसते डोळे वटारतात आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. या वेळी मात्र माणसाचा पाचोळा होत नाही.

मोठ्या पडद्याने जी जागा दिली नाही ती छोट्या पडद्याने दिली. १९७७ साली ‘रेड ऑन एंटेबे’ या दूरचित्रवाणीपटात ते युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन झाले होते आणि त्या कामासाठी त्यांना एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. पण खरी खुर्ची मिळाली ती ‘होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट’ या मालिकेत. बाल्टिमोर शहरातल्या खून तपास विभागाची ही कथा १९९३ ते १९९९ अशी सात पर्वे चालली. भिंतीवर एक फळा. न उलगडलेल्या खुनांत मेलेल्यांची नावे लाल शाईत, उलगडलेल्यांची काळ्या शाईत. त्या फळ्यासमोर उभे असत विभागाचे प्रमुख लेफ्टनंट अल जिआर्डेलो, म्हणजे कोटो. मूळ पुस्तकातला खरा अधिकारी इटालियन वंशाचा गोरा होता. मालिकेत तो इटालियन बाप आणि काळी आई यांचा मुलगा झाला. मालिकेचे काही भाग कोटो यांनी स्वतः लिहिले.

या मालिकेतला एक प्रसंग आमच्या घरांतही वाचला जावा. जिआर्डेलोला एक स्त्री आवडते. तीही काळ्या समाजातलीच, पण उजळ रंगाची. ती त्याला नाकारते, कारण तो फार काळा आहे. बाहेरच्यांनी हिणवले तर माणूस उलटून बोलतो. आपल्याच माणसाने रंग मोजला तर बोलायला शब्द राहत नाहीत. कोटो यांनी ते दुःख कुठलाही आक्रोश न करता दाखवले. ‘मुलगी गोरी पाहिजे’ असे म्हणणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

मालिका संपल्यावर २००० साली तिचा शेवट सांगणारा दूरचित्रवाणीपट आला. त्यात जिआर्डेलो महापौरपदाला उभा राहतो आणि प्रचारात त्याला गोळी लागते. आजवरचे सगळे तपासनीस, जुने-नवे, त्याच्यासाठी पुन्हा एकत्र येतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कथेत मरण पत्करले, त्याच्या मरणाभोवती या वेळी अख्खी कथा उभी राहिली. कोटो १५ मार्च २०२१ रोजी फिलिपाइन्समध्ये वारले. वय ८१ वर्षे.

पुढच्या वेळी घरात सिनेमा लागला की पोरे विचारतील, हिरो कोण? सांगा त्यांना. आणि मग त्यांना उलट विचारा, त्याच्या पाठीमागे उभा होता तो कोण?