‘मदत’ नव्हे, वाटा

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक शब्द मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे ‘मदत’. “आमचे हे घरात मदत करतात हो!” असे नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एखादी गृहिणी अभिमानाने सांगते, ऐकणाऱ्या बायका तिच्या भाग्याचा हेवा करतात, आणि ‘हे’ संकोचाचा आव आणून मनातून फुलून जातात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, आपल्या संसारांतील निम्म्या धुसफुशीचे मूळ या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दात आहे. मदत ही दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. स्वतःच्या कामाला कोणी मदत म्हणत नाही. जो पुरुष घरात ‘मदत करतो’, तो त्याच वाक्यात घर दोघांचे पण काम मात्र बायकोचे, असा निवाडा देऊन मोकळा होतो.

हा दोष इतरांच्या पदरी बांधण्यापूर्वी स्वतःची कबुली दिली पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिलचा स्त्रियांच्या परवशतेवरील १८६९ सालचा प्रबंध मी वर्गात कित्येक वर्षे आवेशाने शिकविला, आणि घरी येऊन तितक्याच आवेशाने चहा मागितला. मागे एकदा सौभाग्यवती तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. तेव्हा मोहरीचा डबा कोठला, दूधवाल्याचे देणे किती, मोलकरणीची सुटी कोणत्या दिवशी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्या पदवीपाशी नव्हते. “अगं, सांगितले असतेस तर मी पूर्वीच केले असते,” असे मी म्हणालो. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, सांगणे हेच तर मोठे काम आहे. तेवढे तुम्ही घ्या. बाकीचे मी करीन.” या उत्तराला तेव्हा माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हते, आणि आजही नाही.

कोणी म्हणेल, हा एका प्राध्यापकाच्या घरचा किस्सा झाला. तर मग देशाचा हिशेब पाहावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी घरची बिनमोल कामे दिवसाकाठी करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, तर पुरुष अवघे २६ आढळले. जी माणसे ही कामे करतात त्यांतही स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, व पुरुषाचा ९७. म्हणजे जो हात लावतो, तोही तिच्या एक तृतीयांशापलीकडे जात नाही! सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी एका मोटार-अपघाताच्या खटल्यात हेच आकडे पुढे ठेवून, गृहिणीच्या श्रमाचे मोल भरपाईत धरलेच पाहिजे, असा निर्वाळा दिला. न्याय झाला खरा. पण बाईच्या कामाची किंमत ती मेल्यावर न्यायालयाने ठरवावी आणि ती जिवंत असता घरातल्यांनी ठरवू नये, ही गोष्ट आपल्याला भूषणावह नाही.

आक्षेप तीन घेतले जातात. पहिला, पुरुष मिळवतो. परंतु आता पुष्कळ घरांत तीही मिळवते. संध्याकाळी दोघे एकाच वेळी दारात येतात, त्याच्या हाती वर्तमानपत्र जाते व तिच्या हाती विळी. जी मिळवत नाही, तिला तर रविवारही नाही आणि सेवानिवृत्तीही नाही. दुसरा, पुरुषाचा हात स्वयंपाकात वळत नाही. मग लग्नाच्या पंगतीचा आचारी कोण? मिसळीच्या प्रख्यात दुकानांतील भट्टीपुढे कोण उभा असतो? जेथे मजुरी आणि वाहवा मिळते तेथे हात उत्तम वळतो. फुकटच्या पोळीपाशीच तो लुळा पडतो. तिसरा, यंत्रे आली, मोलकरीण आहे, मग तक्रार कसली? यंत्राने मनगटाचे श्रम वाचतात, आठवण ठेवण्याचे वाचत नाहीत. आणि मोलकरीण म्हणजे पुरुषाने केलेली वाटणी नव्हे. एका बाईचे ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर गेले, इतकेच. तीही घरी परतून पुन्हा चूलच पेटविते.

वस्तुतः आपल्या परंपरेला हे काम हलके वाटले नव्हते. पंढरीचा विठ्ठल जनाबाईच्या जात्याला हात लावतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देव बारा वर्षे पाणी वाहतो. या कथा आपण हात जोडून ऐकतो. पण त्याच गोदावरीच्या उगमाच्या त्र्यंबक तालुक्यात उन्हाळ्यात हंडा दिसतो तो बाईच्या डोक्यावर. देवाला जे काम कमीपणाचे वाटले नाही, ते त्याच्या भक्ताला का वाटावे?

सबब ‘मदत’ हा शब्द घरातून हद्दपार करावा, आणि कामे तोडून वाटून घ्यावीत. बाजार घेतला तर काय संपले हे पाहण्यापासून पिशवी रिकामी करण्यापर्यंत तो आपला. सकाळचा डबा घेतला तर आदल्या रात्रीच्या भाजीच्या विचारासकट आपला. चूक झाली तर शिव्याही आपल्याच. मुलीबरोबर मुलालाही आजच कणीक मळावयास बसवावे. आरंभी पोळ्या वेड्यावाकड्या होतील. माझ्या अजूनही होतात. परंतु त्या खाताना घरात कोणी कोणाचे उपकार मोजीत नाही, हा लाभ काही थोडा नव्हे.