एक टोपी आणि पाचशे त्रेसष्ट सामने

मागच्या रविवारी ताईकडे जेवताना नेहमीचा वाद पेटला. विषय : आमचा भाचा. वय सोळा, विकेटकीपर, अभ्यासात बरा, मैदानावर जास्त बरा. भावोजींचं म्हणणं ठाम. "इंडियाकडून खेळणार असशील तर खेळ. मधल्यामधे लटकायचं असेल तर आयुष्याची माती कशाला करतोस?"

मी तेव्हा गप्प बसलो, कारण समोर आमरस होता. पण घरी आल्यावर डोक्यात एकच माणूस फिरत राहिला. रॉजर फ्रीस्टोन. तुमच्यापैकी कुणी हे नाव ऐकलं नसणार, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

फ्रीस्टोन वेल्समधल्या न्यूपोर्टचा. गोलकीपर. पोरगेला असताना गावच्याच न्यूपोर्ट काउंटी क्लबकडून खेळायला लागला आणि १९८७ मध्ये चेल्सीने त्याला उचललं. लंडन, मोठा क्लब! आपल्याकडे असतं तर पेढे वाटले असते. १९८८-८९ च्या मोसमात तो बरेच सामने खेळला, पण जानेवारी १९८९ मध्ये चेल्सीने डेव्ह बीझंट या नावाजलेल्या गोलकीपरला आणलं आणि हा मागे पडला. गोलकीपरचं हेच दुखणं. फॉरवर्डला निदान शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. गोलकीपरची जागा एकच. ती गेली की बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या.

१९९१ मध्ये तो स्वान्सीला आला. हा क्लब दहा वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत होता, तिथून घरंगळत १९८६ मध्ये थेट चौथीत पोचला होता. मैदानाचं नाव वेच फील्ड. जुनंपुराणं, तुरुंगाच्या शेजारी. तिथे फ्रीस्टोन राहिला तो २००४ पर्यंत. लीगचे ५६३ सामने. स्वान्सीच्या इतिहासात याहून जास्त लीग सामने एकाच माणसाचे आहेत, विल्फ्रेड मिल्नचे, ५८६, आणि तेही १९२० ते १९३७ या काळातले.

या तेरा वर्षांत काय काय झालं बघा. १९९४ मध्ये खालच्या श्रेण्यांतल्या क्लबांसाठी असलेली ट्रॉफी वेम्बलीवर जिंकली, तीही पेनल्टींवर, म्हणजे गोलकीपरच्या जिवावर. १९९६ मध्ये क्लब पुन्हा चौथ्या श्रेणीत घसरला. १९९७ मध्ये त्याच वेम्बलीवर बढतीचा अंतिम सामना. ०-० अशी स्थिती, वेळ संपलेली, आणि नॉर्दॅम्प्टनला फ्री किक. एकदा मारली, ती अडली. रेफरीने पुन्हा घ्यायला लावली आणि दुसरी आत गेली. संपलं. पुन्हा वर्षभर तीच छोटी मैदानं, तोच चिखल. जानेवारी १९९९ मध्ये मात्र एफए कपमध्ये वेस्ट हॅमसारख्या प्रीमियर लीगमधल्या संघाला १-० हरवलं. २००० मध्ये चौथी श्रेणी जिंकून वर आले, २००१ मध्ये पुन्हा खाली. त्याच वर्षी नव्या मालकाने खेळाडूंना काढण्याचा, पगार कापण्याचा घाट घातला. २००२ च्या सुरुवातीला समर्थकांनी आणि गावातल्या माणसांनी मिळून क्लब सोडवून घेतला.

आणि टोपी? देशाकडून खेळलेल्या सामन्याला तिकडे 'कॅप' म्हणतात. नेव्हिल साउथॉलकडे अशा ९२ होत्या. फ्रीस्टोनकडे एक. २३ मे २०००, कार्डिफ, समोर ब्राझील! वेल्स ०-३ हरलं. गोल मारणारे एल्बर, काफू आणि रिवाल्डो. त्यानंतर त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही.

भावोजींच्या हिशेबाने हा माणूस 'मधल्यामधे लटकला'. मला मात्र उलट वाटतं. ब्राझीलची संध्याकाळ हा प्रसाद होता. पूजा म्हणजे ते ५६३ सामने. हजारो लोकांच्या शनिवारची जबाबदारी तेरा वर्षं एका माणसाने उचलली.

आता भावोजींच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर पुढच्या रविवारी जेवायला मिळायचं नाही :-) खालच्या श्रेणीत खेळणं म्हणजे वर्षा-दोन वर्षांचे करार. एक गुडघा गेला की खेळ खलास, आणि पस्तिशीनंतर दुसरं पोट भरायचं साधन शोधायचंच. फ्रीस्टोनएवढं टिकणारे थोडे. विशीतच सोडून दिलेल्यांची नावं कुठेच नसतात. म्हणून भाच्याने शिक्षण सोडू नये, याला माझं अनुमोदन. पण 'इंडिया किंवा काहीच नाही' ही अट चुकीची आहे. ती अट आपण स्वतःला तरी लावतो का? मी बँकेत आहे, गव्हर्नर होणार नाही. भावोजी शिकवतात, कुलगुरू होणार नाहीत. म्हणून आपली तीस वर्षं वाया गेली का?

फ्रीस्टोन २००४ मध्ये स्वान्सीहून निघाला आणि पुन्हा न्यूपोर्ट काउंटीत खेळायला गेला. ज्या क्लबातून तो निघाला होता तो १९८९ मध्ये बुडाला होता. गावकऱ्यांनी तो नव्याने उभा केला होता. पुढे २०११ मध्ये स्वान्सी प्रीमियर लीगमध्ये पोचला. तेव्हा हा संघात नव्हता. पण वाईट दिवसांत गोल राखायला कुणीतरी उभं होतं, म्हणून चांगले दिवस यायला क्लब शिल्लक होता.

असो. भाच्या, ग्लोव्हज घाल आणि उद्या सकाळी नेटला जा. संध्याकाळी गणिताचं पुस्तक घेऊन माझ्याकडे ये. भावोजींना मी बघतो.