नवी जात म्हणण्याआधी

वैतरणा समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर दातिवरे आणि पलीकडे अर्नाळा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि तिवरांच्या मुळांपासून पात्रापर्यंत चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या चिखलाचा वरचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुऊन उरलेला गाळ सूक्ष्मदर्शीखाली पसरला, की तांदळाच्या कणीएवढे शंख दिसू लागतात. कोळणींच्या टोपलीत कधीच न येणारे हे प्राणी. त्यातला एखादा हाताशी असलेल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही आणि अभ्यासकाच्या मनात लगेच येते: ही नवी जात. त्या क्षणी घाई न करता काय करावे, याविषयी या अंकात लिहायचे आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या अतिसूक्ष्म शंखांची पहिली मोठी नोंद इंग्लंडमध्ये छापली गेली. अलेक्झांडर ॲबरक्रोम्बी यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर वेचलेले शंख अभ्यासक जेम्स कॉस्मो मेल्व्हिल यांच्याकडे गेले. मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीने १८९३ साली मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी आणि तिला जोडूनच २५ नव्या जातींची वर्णने छापली. १८९६ साली मेल्व्हिल यांनी लंडनच्या मॅलॅकॉलॉजिकल सोसायटीसाठी मुंबईच्या अतिसूक्ष्म सागरी शंखांवरच एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्याही आधी, १८६८ साली, विल्यम ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने खाडीच्या चिखलातल्या एका इवल्या शंखाला ‘फेअरबँकिया बॉम्बेयाना’ हे नाव दिले होते. त्यातले फेअरबँक म्हणजे अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम करणारे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक. पक्षी, नेचे आणि गोगलगायी या सगळ्यांत त्यांनी जीव ओतला होता. आपल्यापैकी किती जणांनी हे निबंध मुळातून वाचले आहेत? ‘याची नोंद कुठेच नाही’ असे वाक्य लिहिण्याचा अधिकार ते वाचल्यावरच मिळतो.

वाचल्यावर मात्र खरी अडचण कळते. वर्णन थोडक्यात, बरेचसे लॅटिनमध्ये, सोबत लहानसे चित्र आणि ठिकाण म्हणून नुसते ‘बॉम्बे’. आतला प्राणी कसा होता, त्याच्या दंतपट्टिकेवर दात कसे होते, झाकण कसे होते, यातले बहुतेक काही नाही. मेल्व्हिल यांचा मोठा संग्रह पुढे शंखसंग्राहक टॉमलिन यांच्या संग्रहात मिसळून कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, काही नमुने लंडनला आहेत. इकडे मुंबईच्या किनाऱ्याचे कितीतरी तुकडे भरावाखाली गेले. म्हणून या जातींचे जिवंत नमुने शोधायचे तर उत्तरेच्या खाड्यांकडे वळावे लागते, आणि दातिवऱ्याचे मोल मला इथे दिसते. या चिखलातून एखाद्या जुन्या, अर्धवट कळलेल्या जातीचे नीट पुनर्वर्णन झाले, तर मी ते कच्च्या पुराव्यावर उभ्या केलेल्या तीन नव्या नावांपेक्षा मोठे काम समजेन. अशा कामाला बातमी मिळत नाही, हे मान्य.

शंखाच्या टोकाचे पहिले वेढे, म्हणजे गर्भकवच, आपल्याकडच्या वर्णनांत सर्वांत दुर्लक्षित राहतात. त्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने घेतलेले छायाचित्र हवेच. वेढे बरेच आणि सुरुवात अगदी बारीक असेल, तर अळी पाण्यात तरंगत, खात वाढली असा अंदाज बांधता येतो. वेढे मोजके आणि सुरुवात जाड असेल, तर पिल्लू अंड्यातल्या अन्नावरच वाढले असावे. याचा थेट परिणाम तुलनेवर होतो. दूर वाहून जाणाऱ्या अळीची जात कराचीपासून मुंबईपर्यंत सापडू शकते, मग कॅप्टन टाउनसेंड यांनी इराणचे आखात आणि अरबी समुद्रातून जमवलेल्या शंखांवर मेल्व्हिल आणि स्टँडन यांनी १९०१ पासून लिहिलेले निबंधही चाळावे लागतात. अळी तरंगतच नसेल, तर एका खाडीपुरती वेगळी जात असण्याची शक्यता वाढते.

रिकाम्या शंखावरून नवी जात उभी करू नये, असे माझे मत आहे. न्यू कॅलेडोनियात फिलिप बूशे आणि सहकाऱ्यांना २९५ चौरस किलोमीटरमध्ये मृदुकायांच्या २७३८ जाती मिळाल्या आणि त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्शाचा एकेकच नमुना हाती लागला, हे मला ठाऊक आहे. तशा प्रवाळभागात एकाच नमुन्यावर भागवावे लागेल. पण दातिवऱ्याचा चिखल दर पंधरवड्याला उघडा पडतो. तिथे पुन्हा जाता येते, म्हणून पुन्हा जावे. जिवंत प्राण्याचे छायाचित्र घ्यावे, मॅग्नेशियम क्लोराइडने तो सैल पडू द्यावा, मग शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा. डीएनएसाठी शंख फोडायलाच हवा असेही नाही. क्षणभर मायक्रोवेव्हमध्ये ठेवून प्राणी अखंड बाहेर काढण्याची पद्धत आता रुळली आहे, म्हणजे एकाच नमुन्याचे कवच आणि डीएनए दोन्ही राहतात.

नियमांचे थोडक्यात. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २००० पासून नव्या जातीचा मूळ नमुना स्पष्टपणे ठरवणे आणि तो कुठल्या संग्रहात आहे हे सांगणे बंधनकारक आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या निबंधाला २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीतली नोंद लागते. जैवविविधता कायदा, २००२ चे कलम ३९ नव्या जातीचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करायला सांगते. त्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. महाविद्यालयातल्या विभागाच्या कपाटातली बाटली म्हणजे संग्रह नव्हे: प्राध्यापक निवृत्त होतात, अल्कोहोल उडून जाते. लेबलावर अक्षांश-रेखांशाबरोबर गावाचे नावही लिहा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीच्या बाटल्यांवर ‘ठाणे’ आहे, आणि नुसत्या जिल्ह्याच्या नावावरून ते ठिकाण आज कोणालाही शोधता येणार नाही.

दातिवऱ्याच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. मच्छीमारांचा विरोध सर्वांना माहीत आहे, आणि त्यांच्या जाळ्यात येणाऱ्या माशांची निदान गणती तरी होते. दोन मिलिमीटरच्या शंखांची या पट्ट्यात आज कुठली गणती आहे? किनारा बदलल्यावर काय गेले हे सांगायचे, तर आधी काय होते याचे नमुने तारखेसह ठेवलेले हवेत. डहाणूपासून दातिवऱ्यापर्यंतच्या महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग हे काम आपापल्या खाडीत करू शकतात. त्याला चाळणी, अल्कोहोल, एक बरा सूक्ष्मदर्शी आणि ओहोटीचे वेळापत्रक पुरते.

आमच्याकडे येणाऱ्या लेखकांना एक विनंती. मूळ निबंध प्रसिद्ध होण्याआधी नवे नाव आम्हाला किंवा वृत्तपत्राला कळवू नका. वर्णनाविना छापलेल्या नावाला मान्यता नसते आणि पुढच्या अभ्यासकाला त्याचा त्रासच होतो. बातमी देताना मूळ नमुन्याचा क्रमांक आणि संग्रहाचे नाव पाठवा. ते नसेल तर आम्ही ती छापणार नाही. मुंबईच्या जुन्या जातींच्या पुनर्वर्णनाला मात्र लागतील तितकी पाने देऊ, आणि तीही अंकाच्या सुरुवातीला.