पब जगेल तो दुपारच्या ताटावर

‘पब’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतली रात्र उभी राहते. अंधार, कानठळ्या बसवणारं संगीत, दाराशी बाउन्सर आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात रविवारी दुपारी एक वाजता जो पबमध्ये शिरेल, त्याला यातलं काहीच सापडणार नाही. ठेंगण्या छताखाली शेकोटी पेटलेली असते, खिडकीशी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले असतात, टेबलाखाली कुणाचं तरी कुत्रं पेंगत असतं. कानावर पडतो तो काट्या-सुऱ्यांचा आवाज आणि गप्पा.

इथे बहुतेक ठिकाणी वेटर टेबलापाशी येत नाही. आधी जागा धरायची, टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा आणि काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसेही तिथेच. रांग दिसत नाही, तरी कोण कुणाच्या आधी आलं हे काउंटरमागच्या माणसाला ठाऊक असतं. त्याचं लक्ष चुकलंच, तर शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईकच ‘आधी यांचं घ्या’ म्हणून सांगतं. मग रविवारच्या रोस्टचं ताट येतं: भाजलेल्या मांसाचे काप, वरून कुरकुरीत आणि आतून भुसभुशीत बटाटे, गाजर, कोबी आणि या सगळ्यावर बसलेलं यॉर्कशायर पुडिंग. नावात पुडिंग असलं तरी ते गोड नसतं. अंडी, मैदा आणि दुधाचं सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये ठेवलं की कडा टम्म फुगतात आणि मधोमध खळगा पडतो. त्या खळग्यात ग्रेव्ही ओतायची आणि कडा मऊ पडायच्या आत संपवायचं. हॅना ग्लास या बाईंनी 1747 मध्ये छापलेल्या पाकपुस्तकात या पुडिंगची कृती आहे. त्याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची ‘करी’ही आहे. आज पबच्या फळ्यावर रोस्टच्या खाली करी लिहिलेली दिसते, तिची मुळं इतकी जुनी आहेत.

पबमधलं जेवण मात्र वाटतं तितकं पुरातन नाही. ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगऱ्याचं जेवण, या नावाने मिळणारं ताट घ्या. चेडर चीजचा जाडजूड तुकडा, पाव, व्हिनेगरमधला कांदा, सफरचंदाच्या फोडी आणि ब्रॅन्स्टन पिकल. पाव-चीज शेतकरी शतकानुशतकं खात आलाच होता, पण त्याला हे नाव चिकटवून पबोपबी पोहोचवलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. चीजवरचं रेशनिंग 1954 मध्ये उठलं आणि चीज खपवण्यासाठी त्या धंद्यातल्या संस्थांनी या ताटाची जाहिरात लावून धरली. जाहिरातीतून आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. लोकांनी ते आपलं मानलं, यातच सगळं आलं.

लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी फेब्रुवारी 1946 मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या वर्तमानपत्रात आपल्या मनातल्या आदर्श पबचं वर्णन केलं. असा पब प्रत्यक्षात नाही, हे त्यांनीच शेवटी सांगितलं. पण त्या कल्पनेतल्या पबमध्येही दुपारचं पोटभर जेवण आणि मुलाबाळांना बागडायला बाग होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कुटुंबाला घेऊन बसता यावं, ही ओढ आजची नाही.

प्रत्यक्षात ती पुरी व्हायला बराच काळ गेला. पहिल्या महायुद्धात कामगारांनी शुद्धीवर राहावं म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला, तो सोमवार ते शनिवारपुरता 1988 मध्ये सुटला आणि रविवारची दुपार 1995 मध्ये मोकळी झाली. मधल्या काळात, 1991 मध्ये, लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरचा ‘द ईगल’ हा पब दोघा भागीदारांनी चालवायला घेतला आणि तिथे रेस्टॉरंटच्या तोडीचं जेवण पबच्या साध्या टेबलांवर वाढायला सुरुवात केली. ‘गॅस्ट्रोपब’चा जन्म तिथला. 1 जुलै 2007 पासून इंग्लंडमधल्या पबांत धूम्रपान बंद झालं आणि लहान मुलं तिथे जेवायला बसणं सुसह्य झालं. कायद्याचाही कल जेवणाकडेच आहे. दारू विकत घ्यायला वय 18 लागतं, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर टेबलावर जेवताना, त्या मोठ्या माणसाने विकत घेतलेली बिअर, वाइन किंवा सायडर चालते.

पबला गावाची बैठक बनवलं ते अशा ताटाने. नुसत्या ग्लासावर ती जागा ठरावीक मंडळींचीच राहिली असती.

आणि नेमकं तेच ताट आज महाग होत चाललं आहे. ब्रिटनमध्ये 2000 साली साठ हजारांच्या घरात पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. सुपरमार्केटमधून घरी नेलेल्या बहुतेक किराण्यावर व्हॅट शून्य. तेच बटाटे नि तेच मांस पबमध्ये शिजवून वाढलं की 20 टक्के. कोविडच्या काळात, जुलै 2020 मध्ये, सरकारने तो दर 5 टक्क्यांवर आणला आणि एप्रिल 2022 मध्ये पुन्हा 20 वर नेऊन ठेवला. जेवणावरचा दर कायमचा खाली यायला हवा. एरवी वारशाची भाषा बोलणाऱ्या सरकारने पबच्या स्वयंपाकघराला चैनीच्या दुकानाइतकाच कर लावावा, हे पटणारं नाही. वारसा कसा हातचा जातो हे स्टॅफर्डशायरमध्ये दिसलंच. हिमली गावाजवळचा, खाणकामामुळे जमीन खचून वाकडा झालेला ‘द क्रुकेड हाउस’ हा पब विकला गेल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट 2023 मध्ये, जळाला आणि आगीनंतर दोन दिवसांत जमीनदोस्त झाला. स्थानिक कौन्सिलने पुढे तो होता तसा उभारण्याचा आदेश काढला.

काही गावं मात्र सरकारची वाट पाहत बसली नाहीत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या रहिवाशांनी 2003 मध्ये सहकारी संस्था काढून ‘द ओल्ड क्राउन’ हा आपला पब विकत घेतला. सहकाराशी जुनी ओळख असलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

‘गावाची बैठक’ म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ही बैठक सगळ्यांना खुली नव्हती. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमध्ये ओतकाम-कारखान्यांत राबणाऱ्या भारतीयांना कित्येक पबांच्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल यांनी गोऱ्या मित्रांना सोबत घेऊन पबोपबी जायचं आणि हा भेद उघडा पाडायचा, असा लढा दिला. फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेथविकला आले, तेव्हा जोहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये घेऊन गेले. त्याच वर्षी सार्वजनिक जागी वंशभेद करणं कायद्याने बंद झालं. आज त्याच भागात ‘देसी पब’ आहेत, पंजाबी मालकांचे. तिथे दुपारच्या जेवणाला तव्यावर चुरचुरत येणारं मिक्स्ड ग्रिल असतं, सोबत नान, आणि शेजारच्या टेबलावर गोरे म्हातारे तेच खात असतात.

महाराष्ट्रातून लंडनला जाणाऱ्या कित्येक सहलींत दुपारचं जेवण रोज भारतीय बुफेत उरकलं जातं. त्यातली निदान एक दुपार पबला द्यावी. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही. लाइम सोडा मागितला तर कुणी भुवई उंचावत नाही. शाकाहारी माणसाने प्लाउमन्स मागवताना त्यात हॅम नको असं सांगावं, चीजसाठी दूध गोठवायला प्राणिज रेनेट वापरलं आहे का हे काउंटरवर विचारावं आणि भाजलेले बटाटे कशात परतले तेही विचारावं, कारण बऱ्याचदा ते प्राण्यांच्या चरबीत असतात. कित्येक ठिकाणी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं आणि रविवारचा रोस्ट त्याआधीच संपतो, म्हणून टेबल आदल्या दिवशी फोन करून राखून ठेवलेलं बरं.