फळ्यावरची नावे



चार वर्षांपूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या पळसदरीच्या वस्तीत कार्यक्रम झाला. वर्षावासात ज्यांनी दारू सोडली अशा पाच उपासकांचा शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार करायचा, ही कल्पना माझीच. हात कारकुनाचा असल्यामुळे फळ्यावर नावे लिहिली तीही मीच. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे वळणदार अक्षरात. टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि रात्रीपर्यंत ते फोटो कर्जतपासून खोपोलीपर्यंतच्या मोबाईलवर जाऊन पोहोचले.

त्या पाचांतला एक जण खोपोलीला कंत्राटी कामावर जाणारा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीला पाहुणे बघून गेले. मुलगी पसंत, घर पसंत. आठ दिवसांनी निरोप आला की बाप दारूडा आहे, आम्हाला पुढे जायचे नाही. कोणी चहाडी करायची गरजच नव्हती. फोटोत त्याच्या डोक्यामागे आमचा फळा होता. ज्या माणसाने नऊ महिने थेंबाला शिवले नव्हते, त्याला आम्हीच दारूडा असल्याचे लेखी प्रमाणपत्र देऊन बसलो होतो. त्याच महिन्यात तो घसरला. घसरला हे एक वेळ समजू शकतो, पण त्याने विहाराची पायरीच सोडली. मी घरी गेलो तेव्हा तो मागच्या दाराने निघून गेला. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, यांची सुटली ते तुम्ही माईकवरून सांगितलंत. परत लागली ते सांगायला कुणाला माईक लागला नाही."

मी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

आपली चळवळ वाढली ती चारचौघांत, चव्हाट्यावर. महाडचे पाणी घेतले ते हजारोंच्या साक्षीने. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तीही लाखोंच्या समोर, आणि त्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे चांगले काम झाले की ते जाहीर करायचे, देणगीदाराचे नाव पाटीवर घालायचे, ही आपली सवय. दारूबंदीच्या कामाला ती सवय उपयोगी पडते. गावातला गुत्ता बंद करायचा तर बायकांचा मोर्चा रस्त्यावरूनच निघायला हवा, आडव्या बाटलीचे मतदानही उघड प्रचाराशिवाय जिंकता येत नाही. पण एका माणसाची दारू सुटणे हे काम निराळे आहे. गुत्ता सरकारी हुकमाने बंद होतो. माणसाला मात्र आज प्यायचे नाही हे रोज सकाळी नव्याने ठरवावे लागते, आणि त्यात एखाद्या दिवशी तो हरतो.

हे ज्यांनी सर्वात आधी ओळखले ते स्वतः पिणारेच होते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ नावाचा डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभी राहिली. अनॉनिमस म्हणजे निनावी. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. फी नाही. त्यांनी १९५० साली बारा परंपरा ठरवून घेतल्या, त्यात शेवटची परंपरा निनावीपणाची. सुरुवातीला काही जणांनी आपले नाव वर्तमानपत्रात दिले होते. त्यातला कोणी पुन्हा प्यायला की लोक म्हणत, यांचा उपाय खोटा. आणि जो टिकला त्याच्या डोक्यात मोठेपणा चढत असे, तोही धोकाच. विल्सनना येल विद्यापीठ १९५४ मध्ये सन्माननीय पदवी देऊ करत होते, ती त्यांनी नाकारली. पदवीची किंमत काय असते हे आपल्या समाजाला सांगायला नको. ती नाकारणारा माणूस शाल आणि पुष्पगुच्छ काय घेईल?

या संस्थेच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो आणि आपले तरुण तिथेच अडतात. त्यावर मी वाद घालत नाही. त्यांच्यातही पुष्कळ जण देवाच्या जागी आपल्या गटालाच मानतात. आपल्याजवळ पंचशील आहे, ते पुरे. पण निनावीपणाची गोष्ट परक्यांची, आपल्या धम्मात बसत नाही, असे आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सांगितले तेव्हा मला विनयपिटक काढावे लागले.

भिक्खू दर पंधरवड्याला उपोसथाला जमतात आणि पातिमोक्खाचे पठण होते. ज्याच्या हातून दोष घडला असेल त्याने तो आधी आपल्या बरोबरीच्या भिक्खूजवळ सांगायचा. तिथे गृहस्थाला बसता येत नाही. दुसऱ्या भिक्खूचा गंभीर दोष संघाच्या संमतीशिवाय बाहेरच्या माणसाला सांगितला, तर सांगणाराच दोषी ठरतो, असा पाचित्तियातला नियम आहे. आपल्या माणसाची उणीव घरात बोलायची आणि दारात नेऊन मांडायची नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे ठरलेले आहे.

दारूचा नियम ज्या प्रसंगावरून झाला तो तर माझ्या फळ्यावरच बोट ठेवणारा. सागत नावाच्या भिक्खूने एका नागाला नमवले अशी कथा आहे. नागाचे खरेखोटे बाजूला ठेवू. कोसंबीच्या लोकांना त्याचे फार कौतुक वाटले. त्यांनी घरोघरी मद्य तयार ठेवले, सागत भिक्षेला आला आणि प्रत्येक घरी त्याला ते पाजले. तो नगराच्या वेशीत पडला. भगवंतांनी त्याला उचलून आणायला सांगितले आणि पुढे सर्वांसाठी नियम घातला, पण सागताला संघातून काढले नाही. पुढे हाच सागत श्रेष्ठ शिष्यांत गणला गेला. त्याला पाडले ते लोकांच्या सत्कारानेच, हे मी आमच्या समितीत वाचून दाखवले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग मागच्या वर्षापासून आम्ही दर शनिवारी संध्याकाळी बैठक सुरू केली. विहारात नाही, शेजारच्या एका खोलीत. पळसदरी लहान. खोपोलीच्या लोकलमधून कोण उतरला आणि कुठल्या वाटेने गेला हे दिवे लागायच्या आत सगळ्यांना कळते. म्हणून त्याच खोलीत त्याच वेळी शिवणाचे मशीन दुरुस्त करून देण्याचे कामही ठेवले आहे. दारातून आत जाणारा कशासाठी चालला हे बाहेरच्याला समजत नाही.

आत जाताना मोबाईल पत्र्याच्या डब्यात टाकायचा. ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, बायकोजवळसुद्धा नाही. एक जण बोलत असताना दुसऱ्याने उपदेश करायचा नाही, आणि हा नियम मोडण्यात आम्ही कार्यकर्तेच पुढे असतो. पिऊन आलेल्याला हाकलत नाही, पण त्या दिवशी त्याने फक्त ऐकायचे. बायकांची बैठक वेगळी, वेगळ्या दिवशी. अमेरिकेत बुद्धविचारावर चालणाऱ्या 'रेफ्यूज रिकव्हरी' या व्यसनमुक्ती संस्थेच्या संस्थापकावर २०१८ मध्ये स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप झाले आणि २०१९ मध्ये बरेच सभासद बाहेर पडून 'रिकव्हरी धर्म' या नावाने एकमेकांच्या आधाराने बसू लागले. धम्माचे नाव आहे एवढ्यावर कोणा एकाच्या हाती सगळा विश्वास देऊ नये.

दोन ठिकाणी मात्र आम्ही गुप्तता मानत नाही. घरात मारहाण चालू असेल तर ती गोष्ट खोलीत पुरायची नाही. स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक भिंतीवर लावले आहेत. दुसरे, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. अशा माणसाला बैठकीत नव्हे, डॉक्टरांकडे न्यायचे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, आणि सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन १४४४६ आहे. तिथे नाव सांगावे लागेल म्हणून घाबरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचे व्यसनही येते आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे कलम २३ प्रमाणे बंधनकारक आहे. तो कायदा दवाखान्यांना आहे. आमच्या खोलीला कायदा नाही, फक्त शब्द आहे.

मी स्वतः पीत नाही, म्हणून मला आत बसता येत नाही. मी बाहेर मशीनच्या पट्ट्याला तेल घालत बसतो आणि चहा आत देतो. समितीच्या चिटणीसांनी परवा वार्षिक अहवालासाठी लाभार्थ्यांची यादी मागितली. मी वहीतून उतरवून दिले ते एवढेच: शनिवार, खोली उघडली, चहा, साखर, दूध, वीजबिल. त्यांनी विचारले, नावे? मी म्हणालो, फळा विकून टाकला.