रिव्हॉल्वरनं धान राखता येत नाही

धान लोंबीवर आलं की रानडुकरं बांधीत घुसतात, अन् पारावर एकच गोष्ट निघते, "बंदूकच घ्या लागते." काही पोरं तर दुकानात जाऊन .३२ रिव्हॉल्वरची किंमत विचारून येतात. लाखाच्या घरातली वस्तू! शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेते, रिव्हॉल्वरचं नाही. अन् परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे. त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

ज्यांच्या घरी जुनी ठासणीची आहे, त्यांनी एक काम आजच करावं. ती भरलेली की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. रिकाम्या नळीत गज जिथवर जातो तिथं त्याच्यावर खूण करा. तपासताना आधी टोपी काढा, नळीच्या तोंडासमोरून बाजूला व्हा, मग गज घाला. खूण बाहेर राहिली तर भरलेलीच समजा. बंदूक अन् दारू वेगवेगळ्या कुलपात ठेवा.

रात्री धानात हललं म्हणजे डुक्करच, असं नसते. पाणी पाहायला आलेला शेजारीही असतो. लग्नात बार काढणाऱ्यांनी २०१९ ची दुरुस्ती वाचावी : जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझं मत साफ आहे. तो लाख सौर कुंपणात घाला, चौघं मिळून पाळीनं जागल करा, अन् नुकसानीचा पंचनामा वेळेत मागा. धान गेलं तर पुढच्या हंगामात येते. माणूस येत नाही.